चित्रपटातील तुकोबा आणि गाथेतील तुकोबा

सज्जनहो, एक चूक आधी कबूल करतो आणि मग विषयाला लागतो.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील सप्ताहात कीर्तनाची सेवा आमच्याकडे आली होती. अभंग तुकोबारायांचा. एकाच परमात्म्यापासून हे सारे जग विस्तारले, हा सिद्धांत सांगता सांगता बीज आणि वृक्ष यांचा दृष्टांत आला, आणि बोलण्याच्या ओघात 'तुकोबाराय म्हणतात' असे म्हणून आम्ही 'आधी बीज एकले' हे पद चालीवर म्हटले. टाळकऱ्यांनी ते लगेच उचलले. मृदंग रंगला, माना डोलू लागल्या, आणि आमचीही समजूत अशी झाली की आज प्रमाण अगदी नेमके सापडले.

कीर्तन आटोपले. मंडळी पाया पडून आपापल्या घरी गेली. पहारा बदलला तेव्हा एका म्हाताऱ्या विणेकऱ्याने वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि तो आमच्याजवळ येऊन बसला.

"म्हाराज, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की, माउली."

"ते बीजाचं पद तुम्ही तुकोबाचं म्हणलात. मी चाळीस वर्सं गाथा वाचतोय. मला ते कुटं घावलं न्हाई. कितवा अभंग हो?"

"आहे, आहे. पाहून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. रात्री कंदील जवळ ओढून गाथेची सूची उघडली. पहिल्यांदा वाटले, सूचीत गफलत असेल. मग पाने उलटली. मध्यरात्र झाली तरी पद सापडेना. सापडणार तरी कोठून? ते गाथेत नाहीच. पहाटे काकड्याला बाबा भेटले तेव्हा आम्ही खाली मान घालून सांगितले, "बाबा, ते गाथेत नाही. ते सिनेमातले आहे."

बाबा हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "पद चांगलंच हाय. पन मंग तसं सांगायचं."

त्या एका वाक्यावर हा सगळा लेख उभा आहे.

पद कोणाचे, चित्रपट कोणता

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीसांची. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. मुंबईस तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. गाड्या जोडून खेड्यापाड्यांतून माणसे तो पाहावयास गेली. आज तो खिशातल्या मोबाईलवरही दिसतो, म्हणजे त्याचा प्रेक्षक अजून संपलेला नाही.

'आधी बीज एकले' हे पद याच चित्रपटासाठी कवी शांताराम आठवले यांनी रचले. भाषा इतकी साधी, दृष्टांत इतका संतांच्या घरचा, की जाणत्या माणसांनाही ते तुकोबांचेच वाटले, अशी आठवण सांगतात. यात आठवल्यांचा दोष काडीचाही नाही. पदाच्या शेवटी त्यांनी 'तुका म्हणे' अशी नाममुद्रा घातलेली नाही. ती मुद्रा आम्ही घातली, तुम्ही घातली. कवीने जे केले नाही, ते कीर्तनकारांनी आणि श्रोत्यांनी केले.

आता गंमत पाहा. याच चित्रपटातील दुष्ट पात्राचे नाव सालोमालो. तुकोबांचे अभंग तो आपल्या नावावर खपवू पाहतो. हे नाव चित्रपटाने नव्याने काढलेले नाही. खुद्द गाथेत तुकोबारायांनी सालोमालोचा उल्लेख करून त्याच्या या उद्योगाविषयी खेद व्यक्त केला आहे. सालोमालोने तुकोबांच्या शब्दाला आपले नाव लावले. आम्ही दुसऱ्याच्या शब्दाला तुकोबांचे नाव लावले. त्याची वाट इकडून आणि आमची तिकडून. पण दोन्ही वाटांनी नुकसान एकाच घराचे झाले. तुकोबांचा शब्द कोणता, हे कळेनासे झाले.

चार टोपल्या

शेतकरी खळ्यावरून धान्य घरी नेतो तेव्हा बियाण्याचे वेगळे ठेवतो, खाण्याचे वेगळे ठेवतो. फेकून काही देत नाही, पण मिसळूही देत नाही. संतचरित्रावरचा चित्रपट पाहून आल्यावर आपणही असेच करावे. आमच्या मते टोपल्या चार आहेत.

पहिली टोपली संतांच्या स्वतःच्या शब्दांची. तुकोबारायांच्या बाबतीत ही टोपली भरलेली आहे. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, आणि त्यांत तुकोबांनी आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगितली आहे. आपण व्यवसाय करीत होतो, दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, एक बायको अन्न अन्न करीत गेली, लाज वाटू लागली, मग देवळाची डागडुजी करावीशी वाटली, एकादशीस कीर्तन करू लागलो, संतांची वचने पाठ केली, हा सारा क्रम त्यात आहे. हा दुष्काळ १६३० च्या सुमाराचा. बाबाजींनी स्वप्नात केलेला अनुग्रह, त्याची माघ शुद्ध दशमी, तो गुरुवार, हेही तुकोबांनीच सांगून ठेवले आहे. गाथेच्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत, काही अभंगांविषयी अभ्यासकांत मतभेदही आहेत. तरी तुकोबांच्या जवळ जाण्याची याहून सरळ वाट दुसरी नाही.

दुसरी टोपली समकालीनांच्या साक्षीची. शिऊरच्या बहिणाबाई (१६२८-१७००) या तुकोबांच्या शिष्या. त्यांना कोल्हापुरास स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला आणि पुढे त्या देहूस येऊन राहिल्या. त्यांनी आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले आहे. देहूत मंबाजी गोसाव्याने आपल्या कुटुंबास कसा त्रास दिला, हे त्यांनी स्वतः भोगून लिहिले आहे. ऐकीव माहितीवर लिहिलेली ती हकीकत नव्हे. तशीच साक्ष वाघोलीच्या रामेश्वरभट्टांची. आधी विरोधक, नंतर शिष्य. तुकोबांची जी आरती आपण नित्य म्हणतो ती त्यांचीच.

तिसरी टोपली चरित्रकारांच्या परंपरेची. ताहराबादचे महीपतीबुवा (१७१५-१७९०) यांनी 'भक्तविजय' १७६२ साली पूर्ण केला आणि 'भक्तलीलामृत' १७७४ साली. म्हणजे तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी. महीपतींनी आपण कोणाच्या आधारे लिहितो, हे लपविले नाही. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांची नावे त्यांनी घेतली आहेत. महीपतीबुवांचे आपल्यावर उपकार फार मोठे आहेत. त्यांनी गोळा केले नसते तर कित्येक कथा वाऱ्यावर गेल्या असत्या. पण बहिणाबाईंनी पाहिले आणि महीपतींनी ऐकले, हा फरक फरकच राहतो.

चौथी टोपली नाटककार-चित्रपटकारांच्या रचनेची. तीत वाईट असे काही नाही. दोन-अडीच तासांत बेचाळीस वर्षांचे आयुष्य दाखवायचे तर दोन माणसांचा एक माणूस करावा लागतो आणि जोडणीचा प्रसंग रचावा लागतो. मात्र ही टोपली चौथी आहे, एवढे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

प्रसंग निवडून पाहू

आता त्याच चित्रपटातील पाच प्रसंग या टोपल्यांत घालून पाहू.

इंद्रायणीत वह्या बुडविण्याचा प्रसंग घ्या. पुष्कळ शिकलेली मंडळी म्हणतात, हा चमत्कार चरित्रकारांनी मागाहून घातला. आणि भाविक म्हणतात, सिनेमात दाखविला म्हणजे खरा. दोघांनीही गाथा उघडलेली नसते! तेरा दिवस आपण अन्नपाण्यावाचून देवाच्या दारी पडलो आणि देवाने वह्या राखल्या, असे तुकोबा स्वतः सांगतात. बहिणाबाईंनी तेच तेरा दिवस सांगितले आहेत. रामेश्वरभट्टांनी आरतीत, समुद्रावर दगड तरले त्याची उपमा देऊन, हे अभंग पाण्यात राखले गेल्याचे म्हटले आहे. तुकोबांची स्वतःची आणि समकालीन दोघांची, अशा तीन साक्षी जुळतात. हा प्रसंग पहिल्या आणि दुसऱ्या टोपलीतला आहे. आपण रोज आरती म्हणतो, पण ती साक्ष आहे हे आपल्या ध्यानी येत नाही. त्याचे प्रमाण मात्र आपण पडद्यावर शोधतो!

सालोमालोचा प्रसंग घ्या. गाथेतील सालोमालो अभंगांची मोडतोड करणारा. छळ करणारा मंबाजी निराळा. तुकोबांना काटेरी फांद्यांनी मारले आणि तुकोबाच त्याला कीर्तनास बोलवावयास गेले, ही महीपतींनी सांगितलेली कथा मंबाजीची. चित्रपटाने अभंगांची चोरी आणि देहूतील छळ यांचा भार एका सालोमालोवर टाकला. कथेसाठी ते सोयीचे आहे. पण चित्रपट पाहून कोणी कीर्तनात 'सालोमालोने छळ केला' असे सांगू लागला, तर एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारल्यासारखे होते. तो माणूस कसाही असो, न केलेल्या गोष्टीचा ठपका त्याच्यावर का ठेवावा?

नर्तकीचा प्रसंग घ्या. परस्त्री आपल्याला रखुमाईसमान आहे, असे तुकोबांनी एका स्त्रीला उद्देशून सांगितलेले गाथेत आहे. एवढा भाग पहिल्या टोपलीतला. सालोमालोने नर्तकी पाठविणे, तिचा नाच, तिचे पालटणे ही जुळवणी चौथ्या टोपलीतली.

शिवछत्रपतींचा प्रसंग घ्या. तुकोबांचे वैकुंठगमन शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेचे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, पण फाल्गुनासारख्या वर्षअखेरच्या महिन्याला एकोणऐंशी मिळवावे लागतात. म्हणजे १६५० चा मार्च. महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६३० चा. तेव्हा तुकोबांच्या अखेरीस महाराज अवघे वीस वर्षांचे. राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे तुकोबांनंतर चोवीस वर्षांनी. म्हणून चित्रात सिंहासनाधीश छत्रपती तुकोबांच्या पायाशी बसलेले दिसले तर समजावे की चित्रकाराचा काळ चुकला. कीर्तनात शत्रू आल्यावर देवाने महाराजांचे रक्षण केले, ही कथा महीपतींची. त्यांच्या कथेत पांडुरंग स्वतः महाराजांचे रूप घेऊन शत्रूला दूर नेतो. चित्रपटात श्रोत्यांमध्ये जिकडे तिकडे शिवाजीमहाराजच दिसू लागतात. एकच कथा, पण तिसऱ्या टोपलीतून चौथीत जाताना तिचे रूप असे पालटले.

आणि जिजाई. आमच्या मते चित्रपटाने येथे मोठे पुण्य केले. गौरी नावाच्या नटीने ती भूमिका केली. आवलीबाई म्हणजे केवळ भांडखोर बाई, असे आपल्याकडे कीर्तनातून सांगण्याची खोड होती. चित्रपटातली जिजाई बोलते फाडफाड, पण नवऱ्यासाठी आणि लेकरांसाठी जीव टाकते. गाथेत तिची गाऱ्हाणी तुकोबांनी तिच्याच शब्दांत मांडली आहेत. घरात दाणा नाही, पोरे उपाशी, आणि आला-गेला साधू जेवायला, तेव्हा ती बोलणार नाही तर काय करील? ते संवाद कोणी टिपून ठेवलेले नाहीत, म्हणजे टोपली चौथीच. पण गाथेत जे होते आणि आमच्यासारख्या कीर्तनकारांनी झाकले होते, ते चित्रपटाने उघडे केले. चित्रपटातून भेसळच येते असे नाही. केव्हा केव्हा तो आपल्या डोळ्यांवरची झापडही काढतो.

मुखाचे काय?

तुकोबांचे समोर बसवून काढलेले, खात्रीचे असे चित्र आपल्याजवळ नाही. पण तुकोबा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एक मुख उभे राहते. ते पागनीसांचे. चित्रपटानंतर घरोघर लागलेल्या कित्येक तसबिरींत त्यांचीच छाया उतरली. पागनीस त्या भूमिकेत इतके विरघळले होते की हे होणारच होते. तसबिरीला हार घालणारा काही पागनीसांना हार घालीत नाही, त्याचा भाव तुकोबांच्या ठायी आहे. तो हार पोचतो, याविषयी आम्हांस शंका नाही. पण नातवाने विचारले, "आजोबा, तुकोबा असेच दिसायचे का?" तर "हो" म्हणू नये. "असे मनात धरतो, बाळ," असे सांगावे. त्याने भक्ती कमी होत नाही. उलट नातू मोठा झाला म्हणजे, आजोबांनी आपल्याला खरे तेच सांगितले, हे त्याला आठवेल आणि आजोबांच्या बाकीच्या सांगण्यावरही त्याचा विश्वास बसेल.

प्रत्येक काळ आपले तुकोबा घडवितो, हेही लक्षात असावे. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'तुकाराम' चित्रपट काढला, त्यात जितेंद्र जोशी तुकोबा झाले. तेथे तुकोबांचे तरुणपण, व्यापार आणि दुष्काळ यांना अधिक जागा मिळाली. प्रभातने त्याआधी १९३५ साली एकनाथमहाराजांवर 'धर्मात्मा' काढला होता. त्याचे आधीचे नाव 'महात्मा'. ते त्या वेळच्या सरकारी तपासनिसांना खपले नाही, म्हणून बदलावे लागले. चित्र नाथांचे असले तरी सरकारच्या डोळ्यांपुढे गांधीजी होते! यावरून समजावे की चित्रपट संतांविषयी जितके सांगतो तितकेच तो काढणाऱ्या काळाविषयीही सांगतो. १९३६ चे तुकोबा वेगळे दिसले, २०१२ चे वेगळे दिसले. गाथा मात्र दोन्ही वेळी तीच होती.

भाव असला म्हणजे झाले?

येथे कोणी म्हणेल, "महाराज, ही एवढी चिकित्सा कशाला? देव भावाचा भुकेला. गाणे आठवल्यांचे असो की तुकोबांचे, डोळ्यांत पाणी आले ना?"

आले. आमच्याही आले. त्या पाण्याला आम्ही खोटे म्हणत नाही. पण एक विचारतो. आपल्या आईचे पत्र आले म्हणून कोणी आपल्याला वाचून दाखविले, आपण रडलो, आणि मागाहून कळले की ते पत्र शेजाऱ्याने प्रेमाने लिहिले होते. शेजारी भला, पत्र गोड. तरी आईने काय लिहिले, हे जाणण्याची ओढ राहतेच की नाही? ती ओढ ज्याला नाही, त्याने आईवर प्रेम केले की पत्रावर?

शिवाय तुकोबांनी स्वतः या बाबतीत आपल्याला मोकळीक ठेवलेली नाही. खऱ्याखोट्याचा निवाडा करताना आपण आपल्या मनाला साक्षी ठेवले, बहुतांचे मत मानले नाही, असे ते सांगतात. ज्या पुरुषाने बहुमतापुढे सत्य सोडले नाही, त्याच्या नावावर आपण केवळ बहुतांना आवडते म्हणून काहीही खपवावे काय?

आणि वैकुंठगमनाविषयी. गाथेत निर्याणाचे अभंग आहेत. सदेह वैकुंठगमन ही आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे आणि बीजेला देहूस लाखो पाय तिच्यासाठी चालतात. पडद्यावर गरुड उतरला आणि विमान उडाले ती युक्ती कलावंतांची. उद्या एखाद्याने ती युक्ती कशी केली हे दाखवून दिले, तर आपली श्रद्धा हलता कामा नये. जी श्रद्धा पडद्यावर टेकली असेल तीच हलेल. गाथेवर टेकलेली हलणार नाही. सत्य-असत्य निवडण्याने श्रद्धेचे नुकसान होते, ही भीती म्हणूनच व्यर्थ आहे.

साधकाने काय करावे

चित्रपट पाहू नये असे आम्ही सांगत नाही. जरूर पाहावा, मुलांना घेऊन पाहावा. मात्र पाहून आल्यावर घरात तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द कोणाचा? हा प्रसंग कोठून आला? याचा काळ जुळतो का? उत्तर न सापडले तरी चालेल, प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे. पद आवडले तर गाथेच्या सूचीत शोधावे. सापडले तर त्याच्या मागचे-पुढचे चार अभंग वाचावेत. न सापडले तर ज्याचे असेल त्याचे नाव घेऊन ते खुशाल म्हणावे.

कीर्तनकार बंधूंना आमची हात जोडून विनंती आहे. गादीवरून 'तुकोबाराय म्हणतात' हे दोन शब्दांचे बोलणे निघते तेव्हा समोरची माणसे ते सही-शिक्क्यासारखे घेतात. त्यांच्यापैकी किती जण रात्री सूची उघडणार? त्यांनी आपल्यावर सोडलेला तो भार आहे. आठवणीने खात्री नसेल तर "कोण्या कवीने म्हटले आहे" असे म्हणण्यात कमीपणा नाही.

वह्या एकदा इंद्रायणीत गेल्या, तेव्हा देवाने त्या राखल्या. पाण्यात पडलेली वही वर काढता येते. पण दुधात पाणी मिसळले म्हणजे ते कोण निवडून देणार? ते मिसळू न देणे एवढेच आपल्या हाती आहे.

पुढल्या वर्षी त्याच गावी सप्ताहाला गेलो तेव्हा बीज-वृक्षाचा दृष्टांत पुन्हा आला. या खेपेस आम्ही थांबलो आणि म्हणालो, "हे पद तुकोबांचे नाही बरे का. शांताराम आठवले नावाच्या कवीने तुकोबांवरच्या चित्रपटासाठी लिहिले. पण सिद्धांत आपल्याच घरचा आहे, म्हणून म्हणतो." टाळ वाजले, मृदंग वाजला, रंग तसूभरही कमी झाला नाही. कोपऱ्यात वीणा घेऊन उभ्या असलेल्या बाबांनी आमच्याकडे पाहून नुसती मान हलविली.

॥ रामकृष्णहरि ॥